हॅचरची रिकामी खोली

मिस ओझेला पेटवेनं किल्ली फिरवली, लोखंडी दाराला खांदा लावून ते ढकललं आणि बाजूला सरून म्हणाली, "या, बघा. एक सुरकुती सापडली तर माझं नाव बदला."

व्हर्नेल टॉलिव्हर उंबऱ्यातच थबकली. आत पाऊल टाकायला जागा असती तर ती पुढे गेली असती. जमिनीपासून छतापर्यंत खोकी लागली होती. खोक्यांवर गाद्या, गाद्यांवर घड्या घातलेल्या रजया, भिंतीशी पाण्याच्या बाटल्यांचे गठ्ठे आणि एका अंगाला दोरीवर टांगलेले कोट, तेही लहानमोठ्या मापानं ओळीत लावलेले. सगळ्या खोलीला इस्त्रीचा वास येत होता. प्रत्येक खोक्यावर काळ्या शाईनं एकच नाव घातलं होतं, ब्रासेल.

"सगळं धुतलेलं आहे," मिस ओझेला कौतुकानं सांगत होती. "तुटलेली बटणं लावलीत. ज्याचं घर गेलं त्याला कळकट कपडे द्यायचे म्हणजे त्याच्या दुःखावर आणखी एक थप्पड. आणि हे बघा." तिनं एका कोटाच्या खिशात दोन बोटं घालून लाल पट्ट्यांची पेपरमिंटची गोळी काढून दाखवली आणि जपून परत ठेवली. "एकेका खिशात एकेक. हात खिशात जातोच माणसाचा. तेवढंच बरं वाटतं."

आता तुम्हीच सांगा, असल्या बाईला रागवायचं तरी कसं?

पण व्हर्नेलचं कामच ते होतं. वादळात माणसं मरू नयेत म्हणून सरकार गावोगावी आसऱ्याच्या पक्क्या खोल्या बांधायला पैसे देतं. ते पैसे ज्यासाठी दिले त्यासाठीच वापरले जातात की नाही, हे बघायला राज्याच्या कचेरीतून ती अख्ख्या उत्तर अलाबामात गाडी दामटत फिरायची. अशा खोल्यांत तिनं काय काय पाहिलं नव्हतं! गवत कापायची यंत्रं पाहिली होती, नाताळच्या देखाव्यातलं प्लास्टरचं गाढव पाहिलं होतं, एका ठिकाणी तर नगराध्यक्षाच्या भाच्यानं व्यायामशाळा थाटली होती. त्या सगळ्यांना तिनं उभं-आडवं झापलं होतं. तिचा आवाज खणखणीत होता आणि जीभ त्याहून. इथं मात्र तिनं आवाज चढवला नाही.

"मिस ओझेला," ती शेवटी म्हणाली, "ही खोली रिकामी हवी."

"होणारच आहे. शनिवारी ब्रासेलहून ट्रक येतोय."

"शनिवारी नाही. कायम. आत फक्त बाकं आणि माणसं. सायरन वाजल्यावर तुम्ही ही खोकी कुठे नेणार?"

"बाळा, तू माझ्या चर्चचं छप्पर बघितलंस का?" मिस ओझेलाचा आवाज एकदम थंड झाला. मघाचं 'या, बघा' गेलं आणि 'बाळा' आलं. "पाऊस आला की पाद्रीबाबांच्या डोक्यावर आधी पडतो, मग त्यांच्या तोंडून देवाचं नाव निघतं. माझ्या घरात उंदीर आहेत. खालच्या वस्तीत लोक चाकांवरच्या ट्रेलरांत राहतात, त्यांच्या भिंती हातानं दाबल्या तर आत जातात. अख्ख्या हॅचरमध्ये धड अशी एकच जागा आहे. कोरडी, पक्की, कुलपाची. आणि तीच तुम्ही म्हणता रिकामी ठेवा."

बाईचं म्हणणं खरंच होतं. खोलीच्या खर्चाचे तीन हिस्से सरकारनं दिले होते आणि चौथा हिस्सा गावानं घातला होता. तो चौथा हिस्सा उभा करायला हॅचरच्या बायकांनी दोन वर्षं दर शुक्रवारी चर्चच्या अंगणात मासे तळून ताटं विकली होती. मिस ओझेलाच्या हातावर तेलाच्या चटक्यांचे डाग अजून होते. गावानं स्वतःच्या कष्टानं जन्मात पहिल्यांदा काही पक्कं बांधलं, आणि त्यात काय ठेवायचं तर हवा!

आणि ब्रासेलचं देणं होतं ते वेगळंच. फार वर्षांपूर्वी हॅचरचा ओढा फुगून घरांत शिरला, तेव्हा ब्रासेलच्या माणसांनी हॅचरला पंधरवडाभर जेवू घातलं होतं. मार्चमध्ये टोर्नेडोची सोंड ब्रासेलवर उतरली आणि गावाचा मधला भाग पुसून गेली. त्या दिवशीच मिस ओझेलानं फोनवर शब्द दिला होता की अंथरूण-पांघरूण आणि कपडे हॅचरकडून येतील. हॅचरची बाई शब्द देते तो पाळायला.

व्हर्नेल ब्रासेलवरूनच आली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरांचे नुसते सिमेंटचे ओटे उरले होते, एकावर अजून न्हाणीघराची फरशी चमकत होती. ती तिथं थांबली नाही. ब्रासेलनंही अशीच खोली मागितली होती. तो अर्ज व्हर्नेलच्याच टेबलावर आला होता. पण ब्रासेलला चौथा हिस्सा जमला नाही, म्हणून तिनं अर्ज पुढच्या वर्षाच्या गठ्ठ्यात ठेवला. नियमानं ते बरोबरच होतं. तरी ब्रासेलमधून जाताना तिनं काच वर केली होती आणि डोळे समोर ठेवले होते.

"मला पत्र लिहावं लागेल," ती म्हणाली. "खोली मोकळी करायला तीस दिवस मिळतील."

"मग झालं तर!" मिस ओझेला म्हणाली. "शनिवार तीन दिवसांवर आलाय. लिही तुझं पत्र. जेवून जातेस का?"

व्हर्नेल जेवली नाही. ती गाडीत बसली, गावाबाहेरच्या पेट्रोलपंपापर्यंत गेली आणि तिथं थांबली. फोनवर हवामान बघितलं. वादळ उद्या दुपारनंतर, नैर्ऋत्येकडून. नकाशावरचा तांबडा पट्टा थेट या तालुक्यावरून गेलेला. पंपासमोरच खालची वस्ती होती. एक बाई ट्रेलरच्या दाराशी पायऱ्यांवर बसून शेंगा सोलत होती. शेजारच्या ट्रेलरला चाकाच्या खुर्चीसाठी लाकडी उतरण केलेली होती, आणि त्या उतरणीवर कुणीतरी फुलांच्या कुंड्या मांडल्या होत्या. तीस दिवस म्हणे. व्हर्नेलला स्वतःचीच चीड आली. तिनं गाडी फिरवली.

बुधवार होता, बायबल वाचनाची संध्याकाळ. अर्धं गाव चर्चमध्ये जमलेलं. व्हर्नेल मागच्या दारानं आत आली तशी सगळ्यांनी माना वळवल्या. पाद्रीबाबांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "पाहुण्या बाईंना काही सांगायचं दिसतंय."

"उद्या दुपारी वादळ आहे," व्हर्नेल म्हणाली. "मोठं आहे. तुमची खोली खोक्यांनी भरलीय. आज ती रिकामी करायला हवी. पत्राबित्राचं सोडा, मी ते अजून लिहिलेलं नाही."

कुजबूज झाली. पहिल्या बाकावरून चर्चचे जुने कारभारी, डीकन अल्फॉन्झा रेनी उठले. पंच्याऐंशी वर्षांचा माणूस, अंगात रविवारचा कोट, हातात टोपी. बोलायला उभे राहिले की सगळे जरा सैलावून बसत.

"मिस टॉलिव्हर, तुम्ही शहरातून येता, तुमच्या फोनात आभाळ मावतं. माझा जन्म इथला. सोंड या गावात येत नाही. ती ओढ्यापर्यंत येते, पाणी बघते आणि पलीकडून जाते. माझ्या आज्यानं बघितलं, बापानं बघितलं, मी तर चारदा बघितलंय. तिला ओढ्याचं वावडं आहे."

"तर काय," मागून कुणीतरी म्हणालं.

"आणि समजा आलीच," डीकन म्हणाले, "तर मला काय! मी कधी त्या खोलीत जाणार नव्हतोच. माझी जागा त्या गाद्यांनी घेतलीय, मी त्यांना आनंदानं दिली."

लोक हसले. मिस ओझेला हसली नाही. ती व्हर्नेलकडे एकटक बघत होती.

"तुला माझी किल्ली हवीय का?" तिनं विचारलं.

नियमानं व्हर्नेलला ते करता आलं असतं. किल्ली तालुक्याच्या माणसाकडे गेली असती, आणि तो माणूस राहत होता डोंगरापलीकडे.

"नको," व्हर्नेल म्हणाली. "किल्ली तुमच्याकडेच राहू दे. सायरन वाजला की हे गाव तुमच्याकडे धावत येणार, माझ्याकडे नाही. मला फक्त दार उघडून द्या. मी एकटी काढते खोकी."

"एकटी?"

"एकटी. सकाळपर्यंत जमेल तेवढी काढीन."

तिनं कोट काढून बाकावर टाकला, बाह्या वर केल्या आणि बाहेर गेली. मिस ओझेलानं तिला दार उघडून दिलं. व्हर्नेलनं पहिलं खोकं उचललं. जड होतं. ते छातीशी धरून, हनुवटीनं दाबून, ती अंगण ओलांडून चर्चच्या मागच्या दालनाकडे निघाली. दुसरं नेलं, तिसरं नेलं. चर्चच्या पायऱ्यांवर माणसं येऊन उभी राहिली होती आणि बघत होती. चौथ्या खोक्याला तिचा पाय मुडपला, ती गुडघ्यावर बसली, पण खोकं काही तिनं खाली टेकू दिलं नाही.

"उठा रे," मिस ओझेला पायऱ्यांकडे बघून ओरडली. "लाजा वाटत नाहीत? पाहुणी बाई आपल्या अंगणात ओझी वाहतेय, आणि हॅचरचे लोक हात खिशात घालून उभे! माझ्या आईनं हे बघितलं असतं तर चप्पल काढली असती." मग व्हर्नेलजवळ येऊन तिनं खोक्याची दुसरी बाजू धरली आणि दात दाबून म्हणाली, "पटलेलं नाही मला. एवढं लक्षात ठेव."

"ठेवते," व्हर्नेल म्हणाली.

मग काय, रांगच लागली. अंधार पडेपर्यंत गाद्या निघाल्या, रजया निघाल्या, कोट दोरीसकट निघाले. सगळं मागच्या दालनात रचून त्यावर निळं प्लास्टिक अंथरलं. छपराखाली जिथं गळायचं तिथं बादल्या ठेवल्या. खोलीत भिंतीला लावलेली बाकं तेवढी उरली. मिस ओझेलानं केर काढला आणि कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ आधी पिवळं पडलं आणि मग हिरवट झालं. सायरन वाजला तेव्हा मिस ओझेला दार उघडून उभीच होती. खालच्या वस्तीतून माणसं आली, शेंगावाली बाई आली, चाकाची खुर्ची ढकलत तिचा शेजारी आणला गेला. कुत्री आली, एक कोंबडी आली. व्हर्नेल दारात उभी राहून एकेकाला आत घेत होती. सगळ्यांत शेवटी डीकन अल्फॉन्झा आले, रविवारच्या कोटात, टोपी छातीशी धरून.

"गाद्यांनी जागा सोडली म्हणे," ते पुटपुटले. "म्हटलं, बघावं तरी."

मिस ओझेलानं दार ओढलं आणि अडसर सरकवले. आत दिव्याचा पिवळा उजेड होता आणि माणसांच्या घामाचा वास. आधी पाऊस आला, मग गारा, मग तो आवाज आला. तो आवाज ज्यानं ऐकला त्याला सांगायला नको, आणि ज्यानं ऐकला नाही त्याला सांगून कळणार नाही. कानांना दडे बसल्यासारखे झाले. कोणी तरी गुणगुणायला लागलं, मग सगळेच गुणगुणायला लागले, शब्दांशिवाय. चाकाच्या खुर्चीतल्या माणसानं व्हर्नेलचा हात धरला होता तो इतका घट्ट की बोटं पांढरी पडली. तिनं सोडवून घेतला नाही.

मग आवाज सरकत गेला आणि कमी झाला.

दार उघडलं तेव्हा बाहेर नुसता पाऊस होता. ट्रेलर जागच्या जागी होते. पेट्रोलपंपाची पाटी वाकली होती. ओढ्यापलीकडच्या पाइनच्या रानात मात्र कुणी फणी फिरवावी तसा एक सरळ पट्टा उघडा पडला होता.

"ओढा," डीकन अल्फॉन्झा म्हणाले. "सांगितलं होतं ना."

आणि मग कोणीतरी किंचाळलं, "चर्च!"

भिंती होत्या. छपराचे पत्रे मात्र वाऱ्यानं उचकटून दफनभूमीच्या कुंपणावर नेऊन टाकले होते. मागच्या दालनात आकाश दिसत होतं. निळं प्लास्टिक नाहीसं झालं होतं, आणि खोक्यांवर, गाद्यांवर, इस्त्रीच्या कोटांवर पाऊस धो धो पडत होता. पुठ्ठे भिजून फुगले होते. माणसं धावली, पण खोलीच्या दिशेनं न्यायला उचललेलं खोकं खालून फाटायचं आणि कपडे चिखलात पडायचे. गाद्यांनी इतकं पाणी प्यायलं होतं की चौघांना एक उचलेना.

मिस ओझेला मधोमध उभी होती. तिच्या हातात एक कोट होता, त्यातून लालसर पाणी गळत होतं. सगळ्या खिशांतल्या गोळ्या विरघळल्या होत्या.

"कुठल्या तोंडानं सांगू मी त्यांना?" ती म्हणाली. कुणाला उद्देशून नव्हे. मग तिनं व्हर्नेलकडे बघितलं. "खोलीत असतं तर एक चिंधी भिजली नसती. एक चिंधी सुद्धा."

"हो," व्हर्नेल म्हणाली.

"काही झालं नाही. ना सोंड उतरली, ना कुणाला खरचटलं. उगाच."

'काही झालं नाही' हे ऐकण्यासाठीच तर ती आयुष्यभर राबत होती, आणि आज तेच शब्द ऐकून तिला रडू येत होतं. आली असती सोंड तर, असं म्हणायला तिनं तोंड उघडलंही असतं, पण भिजलेला कोट हातात धरलेल्या म्हातारीला ते ऐकवायचं कसं?

झाडं पडून रस्ता बंद झाला होता, म्हणून ती रात्र तिनं मिस ओझेलाच्या सोफ्यावर काढली. मिस ओझेलानं तिला उशी दिली, ताटात मक्याचा पाव आणि शेंगांची उसळ दिली, पहाटे कॉफी दिली, आणि सबंध वेळ तोंडातून अवाक्षर काढलं नाही. पाहुणीला उपाशी ठेवायचं नाही आणि तिच्याशी बोलायचंही नाही, हे दोन्ही नियम तिनं काटेकोर पाळले. शुक्रवारी रस्ता मोकळा झाला तरी व्हर्नेल गेली नाही. दोघी पाठीला पाठ लावून दिवसभर कपडे पिळत राहिल्या. रंग एकमेकांत उतरले होते. वाळायला ऊन नव्हतं.

शनिवारी ट्रक आला. त्यातून एकच बाई उतरली, डेल्फीन मोझली, चाळिशीची, अंगात कुणाचा तरी ढगळ शर्ट. अंगणात दोरीवर ओले कपडे लटकत होते, खाली गाद्या उभ्या करून ठेवल्या होत्या आणि त्यांतून पाणी निथळत होतं. हॅचरची माणसं खाली माना घालून उभी होती.

मिस ओझेला पुढे झाली. "बाळा," ती म्हणाली. "मी शब्द दिला होता. सगळं तयार होतं, इस्त्री करून. खोलीत होतं. मग बाहेर काढलं, आणि भिजलं. मला माफ कर."

"कुठल्या खोलीत?" डेल्फीननं विचारलं.

मिस ओझेलानं हातानं दाखवली. अंगणाच्या टोकाला ती ठेंगणी, करडी खोली उभी होती, दार सताड उघडं. डेल्फीन तिच्याकडे बघत राहिली. कपड्यांकडे तिनं एकदाही बघितलं नाही.

"का काढलं बाहेर?"

व्हर्नेल पुढे आली. "मी काढायला लावलं. वादळ येणार होतं. माणसांना जागा हवी होती."

"आणि माणसं बसली आत?"

"बसली. सगळी."

"पण आलंच नाही ते," डीकन अल्फॉन्झा हळूच म्हणाले, जणू तिला धीर द्यायला. "ओढ्यानं वळवलं. आमच्याकडे नेहमी ओढा—"

"आमच्याकडे टेकडी होती," डेल्फीन म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "सगळे म्हणायचे, टेकडी वादळ अडवते. माझे वडीलही म्हणायचे. आई न्हाणीघरात टबमध्ये बसली होती, अंगावर गादी घेऊन. मी फोनवर होते तिच्याशी. ती मला सांगत होती की घाबरू नको, मध्ये टेकडी आहे."

डीकननी टोपी काढली. ती पुन्हा घालायचं त्यांना सुचलं नाही.

डेल्फीन व्हर्नेलकडे वळली. "आम्हीपण मागितली होती ना अशी खोली?"

व्हर्नेलला खोटं बोलता आलं असतं, किंवा गोल गोल बोलता आलं असतं. कचेरीत ते सगळ्यांना येतं. "मागितली होती," ती म्हणाली. "तुमचा अर्ज माझ्याच टेबलावर होता. गावाचा वाटा जमला नव्हता, म्हणून मी तो पुढच्या वर्षात ठेवला. मीच ठेवला."

मिस ओझेलानं चटकन मान वर करून तिच्याकडे बघितलं. बुधवारी ही सरकारी बाई गेलेली पुन्हा का परतली आणि एकटीनं खोकी का उचलत होती, हे आत्ता कुठे तिच्या ध्यानात येत होतं.

डेल्फीन रागावली नाही. रागावली असती तर व्हर्नेलला सोपं गेलं असतं. तिनं फक्त मान हलवली. मग मिस ओझेलाला विचारलं, "मी आत जाऊ का? जरा वेळ?"

"जा की, बाळा."

"दार लावाल बाहेरून? म्हणजे, मला बघायचंय. कसं वाटतं ते."

ती आत गेली. रिकाम्या खोलीत तिच्या पावलांचा आवाज घुमला. कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन ती भिंतीला पाठ टेकून बसली आणि शेजारची जागा तिनं हातानं पुसली, कुणाला तरी बसायला करावी तशी. मिस ओझेलानं दार हळूहळू ओढून घेतलं.

बाहेर सगळे उभे राहिले. आतून काहीच आवाज येत नव्हता. भिंती तेवढ्या जाड होत्या. व्हर्नेल तोंड फिरवून उभी होती, तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती. मिस ओझेलानं एप्रनमधून रुमाल काढून तिच्या हातात कोंबला. मग दोन दिवसांत पहिल्यांदाच तिनं तिचा खांदा दाबला.

तेवढ्यात भुरभुर सुरू झाली. बघता बघता थेंब मोठे झाले. दोरीवरचे कपडे पुन्हा भिजायला लागले. काल इतक्या मेहनतीनं शेगडीशी धरून जेमतेम वाळवलेल्या कपड्यांची दोन खोकी अंगणात होती, लहान मुलांची. काहीतरी करावं म्हणून तळमळत असलेल्या डीकन अल्फॉन्झांनी त्यांतलं एक उचललं, छातीशी धरलं आणि पाय ओढत सवयीनं खोलीकडे निघाले.

मिस ओझेला दारासमोर आडवी झाली. पावसानं तिचे केस चपचपीत झाले होते. दोन्ही हात तिनं चौकटीला लावले.

"इथं नाही, डीकन," ती म्हणाली. "आत माणूस आहे."